दप्तर, पाकीट आणि वहीतले आकडे

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे भर तासाला यंत्रमागाचा खडखडाट खिडकीतून वर्गात येतो, तिथे एक अनुदानित मराठी शाळा आहे असं समजा. समजा म्हणायचं कारण, दप्तर-तपासणीचं हे प्रकरण शिक्षकांच्या बैठकीत चर्चा व्हावी म्हणून रचलेलं आहे. यातली शाळा आणि माणसं कुठल्याही पत्त्यावर सापडणार नाहीत. पण यातले तुकडे शाळेत काम केलेल्या कुणालाही ओळखीचे वाटतील, आणि दप्तरं उलटी करणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको.

काय घडलं

जानेवारी. सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले, पाळणे अजून उतरले नव्हते. नववी ‘ब’ची सहल विजापूरला ठरली होती: गोलघुमट, इब्राहिम रोझा, रात्री परत. माणशी ६०० रुपये, आणि पैसे भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार.

शुक्रवारी पहिल्या तासाला वर्गशिक्षिका बाईंनी ११ जणांचे पैसे घेतले, वहीत नावं लिहिली, ६,६०० रुपये खाकी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवले. खणाला कुलूप नव्हतं. बाकीच्यांना म्हणाल्या, ‘उरलेले मोठ्या सुट्टीनंतर घेते.’ चौथ्या तासाला सगळा वर्ग गॅदरिंगच्या सरावाला पटांगणात गेला, तिथून परस्पर सुट्टीला. वर्गखोली तास-सव्वातास उघडी होती. सुट्टीनंतर बाईंनी खण ओढला तर पाकीट नाही.

पुढचं सगळं फार वेगात झालं. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापकांनी पीटीच्या सरांना पाठवलं. सरांनी दार लावून घेतलं. ‘दप्तरं बाकावर. सगळं बाहेर काढा. कुणी जागेवरून हलायचं नाही.’ ४८ मुलं. मुलांचे खिसे तिथेच उलटे केले. मुलींना दोघी-दोघी करून प्रयोगशाळेत नेलं. तिथे बाई आणि आणखी एक शिक्षिका होत्या. त्यांनी कंबरेपाशी चाचपलं, ओढण्या झटकायला लावल्या, बूट-मोजे काढायला लावले. त्या वेळात मुलींची दप्तरं वर्गातच उघडी पडलेली होती आणि पीटीचे सर बाकांमधून फिरत होते.

पाकीट मिळालं नाही. मिळालं ते असं: तिघा मुलांकडे मिळून माव्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, ५ पुड्या, ३ मोबाईल, एक ब्लेड (ते पेन्सिलीला टोक करायचं निघालं), एक लिपस्टिक, आणि एका मुलीच्या दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मूठभर तंबाखू. त्याच मुलीच्या दप्तरात एक छोटी वहीही होती. मुलगी प्रयोगशाळेतून परत येऊन जागेवर बसेपर्यंत सरांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचली. ‘सोमवार हजार, मंगळवार साडेआठशे, बुधवार हजार वजा साठ... शुक्रवार वजा सहाशे, स. हे काय गं? आकडे लावतेस की काय? ओपन का क्लोज?’

वर्ग हसला. मटका काय असतो हे नववीतल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

मग पिशवी उघडली. सरांनी वास घेतला आणि एवढंच म्हणाले, ‘वा!’

साडेचारच्या सुमाराला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. टेबलावर मांडलेल्या वस्तू, प्रत्येकीपुढे हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. खाली मजकूर: ‘आज अचानक केलेल्या तपासणीत सापडलेल्या वस्तू. पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे.’ चोरीचा त्यात उल्लेखही नव्हता. दुपारी पाकीट शोधायला सुरू झालेलं काम संध्याकाळपर्यंत व्यसनमुक्तीची मोहीम होऊन बसलं होतं.

ती मुलगी शनिवारी शाळेत आली नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही.

सापडलं असतं तर काय कळलं असतं?

कायद्याकडे जाण्याआधी एक साधा प्रश्न. त्या दिवशी पैसे भरायची शेवटची तारीख होती. ११ जणांनी भरले होते, म्हणजे ३७ जणांचे बाकी होते आणि बाईंनीच त्यांना ‘सुट्टीनंतर’ सांगितलं होतं. साहजिकच निम्म्या वर्गाच्या दप्तरात, कंपासपेटीत, खिशात पाचशेची एक आणि शंभराची एक नोट होती. नोटांचे क्रमांक कुणी लिहून ठेवले नव्हते. समजा, चोरानं पाकीट फेकून दिलं असतं आणि नोटा खिशात घातल्या असत्या, तर त्या ओळखायच्या कशावरून?

दोन मुलांचे ६००-६०० रुपये ‘पालकांनी येऊन सांगेपर्यंत’ खरोखरच काढून घेतले गेले. का? तर त्यांच्याकडच्या नोटा घडी न घातलेल्या होत्या.

माझ्या मते या प्रकरणाची पहिली चूक इथे आहे, आणि तिचा हक्कांशी फारसा संबंध नाही. हा शोध यशस्वी होण्याची शक्यताच जवळजवळ नव्हती. वर्ग सव्वातास उघडा होता, त्या मजल्यावर आणखी तीन तुकड्या आहेत, सुट्टीत कोण वर आलं-गेलं ते कुणी पाहिलं नाही. म्हणजे संशय ४८ जणांपुरता मर्यादित ठेवायला आधार काय, तर ते हाताशी होते. ‘अ’ तुकडीची दप्तरं कुणी पाहिली नाहीत. शिक्षकांच्या खोलीतली कपाटं तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट मापाची. ६,६०० रुपयांचं खाकी पाकीट चांगलं जाडजूड असतं. ते शोधताना दप्तराचे कप्पे पाहणं एक वेळ समजू शकतं. पण पाकीट वहीच्या अक्षरांत लपत नाही. वही झटकून पाहिली की काम संपलं, ती वाचायची गरज काय? मोबाईल सापडले तेव्हा सरांनी त्यातल्या एका मुलाकडून पॅटर्न काढून घेतला आणि गॅलरी चाळली. पाकीट गॅलरीत नव्हतं.

मुख्याध्यापकांची बाजू

ती हलकी नाही. दिवाळीच्या आधी याच शाळेत दोन मुलांच्या मारामारीत एकाच्या दंडावर ब्लेडचा ओरखडा उठला होता. पालक माजी नगरसेवकाला घेऊन आले होते. ‘पोरं शाळेत काय घेऊन येतात ते तुम्हाला कळत नाही का?’ हा प्रश्न मुख्याध्यापकांनी तासभर ऐकून घेतला होता. मुलांच्या मुतारीत माव्याच्या थुंकीचे डाग रोज धुवावे लागत होते. तपासलं नाही तर शाळेचं लक्ष नाही, तपासलं तर आमच्या पोराला चोर ठरवलं. त्यांनी मला सांगितलं असतं तर मी बहुधा एवढंच म्हटलं असतं, ‘साहेब, दोन्ही बाजूंनी बोलणी खायची हीच या खुर्चीची नोकरी.’

पण माव्याचं घेऊ. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला ते विकायला तर कुठेच परवानगी नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७७ व्या कलमाखाली मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदी आहे. आणि या शाळेच्या फाटकातून बाहेर पडून चपलेनं पावलं मोजत गेलं, तर ६० पावलांवर टपरी. मावा तिथेच घोटला जातो, पुडीला रबर तिथेच लागतं. त्या तीन मुलांना ‘कुठून घेतलंस?’ एवढं विचारलं असतं तर टपरीवाल्याविरुद्ध तक्रार करायला पुरेसं होतं. टपरीचा फोटो कुठल्याच ग्रुपवर गेला नाही.

कायदा कुठे उभा आहे

शिक्षकानं विद्यार्थ्याचं दप्तर तपासावं किंवा तपासू नये, असं थेट सांगणारं कलम आपल्याकडे नाही. ही पोकळी आहे, आणि आपण ती ‘शिक्षक म्हणजे पालकाच्या जागी’ या वाक्यानं भरतो. वाक्य जुनं आणि प्रेमाचं आहे, पण कायद्यात त्याला मर्यादा आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८९ व्या कलमानं मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला जे संरक्षण दिलं होतं ते १२ वर्षांखालच्या मुलांपुरतं होतं, आणि तेही पालकानं किंवा पालकाच्या संमतीनं केलेल्या कृतीला. नव्या न्याय संहितेतही ते तसंच आलं आहे. नववीतली मुलगी १४ वर्षांची असते. ‘मुलांनी स्वतःहून दप्तरं उघडली’ असंही शाळेनं नंतर सांगितलं. बंद दार, पुढ्यात पीटीचे सर, आणि ‘कुणी हलायचं नाही’ अशी आज्ञा. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्वही जुन्या दंड संहितेत शेजारच्याच ९० व्या कलमात होतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी प्रकरणात एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो. त्यावर गदा आणायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर हा हक्क मिळेल, असं त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही. आता कुणी म्हणेल, मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, आमची संस्था खाजगी आहे. अनुदानित शाळेनं हा मुद्दा काढणं मला जरा गमतीचं वाटतं, पण कायद्याच्या अंगानंही तो आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाच्या बहुमतानं १९ आणि २१ या अनुच्छेदांतले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात असं म्हटलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. शाळेविरुद्धच्या बहुतेक तक्रारींत हेच कलम लिहिलेलं असतं. पण या कायद्यातलं ‘बालक’ ६ ते १४ वयाचं आणि शिक्षण आठवीपर्यंतचं आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांच्या बाबतीत शाळेचा वकील पहिल्याच परिच्छेदात बोट ठेवतो. बाल न्याय अधिनियमात मात्र मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. त्याचं ७५ वं कलम ताब्यातल्या मुलाला विनाकारण मानसिक किंवा शारीरिक यातना होतील अशा वागणुकीबद्दल आहे. प्रत्येक दप्तर-तपासणी त्यात बसत नाही, बसू नये. पण वर्गासमोर वही वाचून मटक्याचा शेरा मारणं आणि हजेरी क्रमांकासह फोटो शेकडो फोनवर पाठवणं हे त्या कलमाच्या बरंच जवळ जातं.

मुलींच्या अंगझडतीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. अटक झालेल्या स्त्रीची झडतीसुद्धा पोलिसांना स्त्रीकडूनच आणि सभ्यतेचं काटेकोर भान ठेवून घ्यावी लागते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९ व्या कलमात आहे. नव्या संहितेनं तर पोलिस एखाद्या जागेची झडती घेतात किंवा वस्तू ताब्यात घेतात त्याचं चित्रीकरण करायला लावलं आहे. पोलिसाला अधिकार आहे आणि त्याच्यावर एवढी बंधनं आहेत; शिक्षिकेला अधिकार कुणीच दिलेला नाही आणि बंधनही कुणी लिहिलेलं नाही. अशा जागी माणूस ‘आपल्याच तर मुली’ म्हणत पुढे पुढे जात राहतो. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे काढून पाहणी झाली. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. तिथेही सुरुवात ‘कुणी केलं ते शोधा’ यानंच झाली होती. नववी ‘ब’च्या प्रयोगशाळेत तसं काही घडलं नाही. पण ओढणी झटकायला सांगणाऱ्या शिक्षिकेला, समजा मुलीनं नाही म्हटलं असतं, तर पुढे काय करायचं होतं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत या प्रश्नावर चाळीस वर्षांपूर्वीच निकाल लागला. न्यू जर्सीतल्या शाळेत १४ वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली, तिनं नाकारलं, उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती तपासणी योग्य ठरवली, पण जाता जाता दोन प्रश्न घालून दिले: शोध सुरू करायला वाजवी कारण होतं का, आणि शोध त्या कारणाच्या मापात राहिला का. २००९ मध्ये ॲरिझोनातल्या १३ वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तिचे कपडे उतरवून तपासलं होतं. आठ विरुद्ध एक मतांनी ती झडती घटनाबाह्य ठरली: दप्तर पाहण्यापुरतं कारण होतं, कपड्यांपर्यंत जाण्याइतकं नव्हतं. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण दोन प्रश्न म्हणून ते कुठल्याही स्टाफरूमच्या भिंतीवर चालतील. नववी ‘ब’ दोन्हींत नापास होते, दुसऱ्यात तर फारच वाईट.

बैठक

पुढच्या गुरुवारी मुलीची आई आणि मावशी शाळेत आल्या. वडील यंत्रमागावर कामाला, रात्रपाळी करून झोपलेले. आई बिड्या वळते. सोलापुरात हे काम करणाऱ्या हजारो बाया आहेत, बऱ्याच तेलुगू बोलणाऱ्या. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी साच्यानं कापायची, दिवसभर वळायच्या आणि कारखान्यात मोजून द्यायच्या. शाळेत यायचं म्हणजे त्या दिवशीच्या हजारातल्या निम्म्या गेल्या. मावशी अंगणवाडी सेविका, म्हणून बोलायला ती.

मुख्याध्यापकांनी पाणी मागवलं. म्हणाले, ‘ताई, तुमच्या मुलीवर चोरीचा आरोप कुणीच केलेला नाही.’

आई खुर्चीच्या कडेला बसली होती. ‘चोरीचं न्हाई म्हनत मी, सर. तंबाखूचं म्हनते. आमच्या घरात तंबाखू भांड्याला लागतंय, अंथरुणाला लागतंय, लेकरांच्या केसाला वास येतोय. खात कोन न्हाई. ते आमचं काम हाय.’

‘तरी शाळेत आणायला नको होतं,’ पीटीचे सर म्हणाले.

‘तिनं आणलं न्हाई, सर. तिच्या दप्तरात राहिलं,’ मावशी म्हणाली. मग तिनं सांगितलं. त्या आठवड्यात कारखान्यातून आलेला तंबाखू ओलसर निघाला होता. तो बदलून मिळावा म्हणून मूठभर नमुना पिशवीत बांधून मुलीला सकाळी कारखान्यात धाडलं. माल देणारा-घेणारा मुन्शी जागेवर नव्हता. शाळा साडेअकराची. ती पिशवी घेऊन तशीच शाळेत आली.

आणि वही? मावशीनं पिशवीतून वही काढली. आईला मराठी लिहिता येत नाही, म्हणून रोजच्या बिड्यांचा हिशेब मुलगी ठेवते. हजार वळल्या, साडेआठशे वळल्या, ६० बाद झाल्या. शुक्रवारच्या ओळीवर मावशीनं बोट ठेवलं. ‘वजा सहाशे, स. स म्हंजे सहल. सकाळी आईकडनं घेतले ते.’

बाईंनी आपली वही उघडली. ११ नावांत चौथं नाव तिचं होतं. पाकिटात तिचेही पैसे होते.

असं काही समोर आलं की खोली गप्प होते आणि प्रत्येक जण दुसऱ्यानं बोलावं म्हणून वाट पाहतो. मावशीनं शिक्षण हक्क कायद्याचं नाव काढलं, बाल हक्क आयोगाचंही काढलं, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो हेही तिला माहीत होतं. पण आईनं तिचा हात दाबला. तिची भीती वेगळीच होती. मुलगी कारखान्यात जाते, हिशेब ठेवते, सुट्टीत चार बिड्याही वळते. हे कागदावर आलं तर ‘पोरगीला कामाला लावलं’ म्हणून उद्या कुणी घरी येईल. तक्रार करायची तर हे सगळं सांगावं लागणार. तिला फोटो काढून टाकलेला हवा होता आणि मुलीच्या नावापुढे तंबाखूचं काही लिहिलं जायला नको होतं. बस्स.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही गोष्ट. दप्तर उघडलं आणि त्यातून चोरी बाहेर पडली नाही, एक घर बाहेर पडलं. आईला मराठी लिहिता न येणं, बाद बिड्या, ओला तंबाखू, मुन्शीशी असलेला तंटा. या घरानं हे कुणापासून लपवलेलं नव्हतं, पण वर्गासमोर मांडायलाही दिलेलं नव्हतं. खाजगीपणा हा इंग्रजी शाळेतल्या पोरांचा लाड आहे असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं राहतात, त्या मुलाला स्वतःची म्हणावी अशी बंद करता येणारी एकच जागा असते आणि तिला चेन असते.

मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘मुलीचं काय म्हणणं आहे?’

‘ती म्हनते, सरांनी वर्गात सांगावं की ते आकडे मटक्याचे नव्हते,’ मावशी म्हणाली. ‘दुसरं काय नको. आनि बिड्यांचे म्हनू नका, कामाचे म्हना.’

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया बिड्या वळतात. तरी तिला तो शब्द वर्गात नको होता. का, ते विचारायचा आपल्याला हक्क नाही.

‘मी गंमत केली होती,’ पीटीचे सर म्हणाले.

‘गंमत वर्गात केलीत सर, तर दुरुस्तीपण वर्गातच होऊ द्या,’ मुख्याध्यापक म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात नेमकं वाक्य.

नंतर शाळेनं काय ठरवलं

फोटो त्याच संध्याकाळी काढून टाकला, अर्थात ज्यांनी तो उतरवून घेतला होता त्यांच्याकडे तो राहिलाच. दोन मुलांचे ६००-६०० रुपये परत केले. मग शाळा व्यवस्थापन समिती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती एकत्र बसली आणि अर्ध्या पानाचं टिपण तयार झालं. त्यातलं पहिलंच वाक्य मला आवडलं, कारण त्यात मुलांचा उल्लेखही नाही: यापुढे कुठलेही पैसे वर्गात घेतले जाणार नाहीत, कार्यालयाच्या खिडकीवर पावती घेऊन भरायचे. निम्मं प्रकरण तिथेच संपतं.

पुढे असं आहे की अमक्या मुलाकडे अमकी वस्तू आहे असं मानायला सांगता येण्याजोगं कारण असेल तरच दप्तर पाहायचं, ते कारण आधी वहीत लिहायचं, आणि अख्खा वर्ग उभा करायचा नाही. दप्तर मुलानं स्वतः उघडायचं, कार्यालयात, दोन शिक्षकांपुढे, मुलगी असेल तर दोन्ही शिक्षिका. अंगाला हात नाही, कपड्यांना नाही. प्रकरण तेवढं गंभीर असेल तर पालकांना आणि पोलिसांना बोलवायचं. वही, चिठ्ठी, डायरी वाचायची नाही. मोबाईल सापडला तर बंद करून पाकिटात, पालकाच्या हाती परत, उघडायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शाळांमधल्या स्मार्टफोनवर सरसकट बंदी नको, वापरावर नियम हवेत, जमेल तिथे फोन जमा करायची सोय हवी, असं म्हटलं होतं. समितीतल्या एका पालकानं ते कात्रण आणलं होतं. सापडलेल्या वस्तूंचा फोटो कुठल्याही ग्रुपवर नाही.

पीटीच्या सरांनी एकच हरकत घेतली, आणि ती योग्य होती. ‘उद्या कुणाकडे चाकू आहे असं कळलं तर आधी वहीत लिहीत बसू का?’ टिपणात भर पडली: जिवाला धोका असेल तर आधी वस्तू ताब्यात, लिखाण नंतर, पण त्याच दिवशी. मला वाटतं, हरवलेले पैसे आणि चाकू यांतला हा फरक शाळेनं आधी कधी शब्दांत मांडलाच नव्हता. दोन्हींना एकच उपाय होता, दार लावून घ्या.

टपरीबद्दल एक अर्ज पोलीस ठाण्यात आणि एक महापालिकेत दिला. टपरी चार दिवस बंद होती. मग रस्त्याच्या पलीकडे गेली. मुख्याध्यापकांनी पुन्हा पावलं मोजली, पुन्हा अर्ज दिला.

टिपणात एक गोष्ट राहून गेली. प्रयोगशाळेत नेलेल्या बाकीच्या मुलींशी कुणी बोललं नाही. त्यांच्या घरून कुणी आलं नाही, म्हणून त्यांचं काही झालंच नाही असं गृहीत धरलं गेलं. मी त्या बैठकीत असतो तर मलाही ते सुचलं असतं का, सांगता येत नाही.

६,६०० रुपये मिळाले नाहीत. निम्मे बाईंनी भरले, निम्मे मुख्याध्यापकांनी. बाईंनी गेलेल्या रकमेसाठी कुणाला त्रास नको म्हणून स्वतःहून दिले, मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहून दिले.

सोमवारी हजेरीनंतर पीटीचे सर नववी ‘ब’मध्ये आले. फळ्याकडे पाहत म्हणाले, ‘त्या दिवशी मी एका वहीबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. ते कामाचे आकडे होते.’ मग शिट्टी गळ्यात अडकवून मुलांना पटांगणात घेऊन गेले. ती मुलगी तिसऱ्या बाकावर होती. सहलीलाही ती गेली. वही मात्र आता घरी असते. दुपारी कुणी कारखान्यातून आकडा सांगितला तर ती तो तळहातावर पेनानं लिहिते आणि संध्याकाळी उतरवून घेते.